भस्मासुराला वर कोणी दिला?

विशेषनामांची सामान्यनामे करण्यात आपली मराठी मोठी पटाईत आहे. इकडचे तिकडे सांगणारा शेजारी तिने नारद केला, सुट्टीत दहा वाजेपर्यंत लोळणारा मुलगा कुंभकर्ण केला आणि भाऊबंदकीत तेल ओतणारा नातेवाईक शकुनीमामा केला. या मंडळींच्या पंगतीला गेल्या शतकात एक परदेशी पाहुणा येऊन बसला आणि तो आता इतका घरचा झाला आहे की, त्याला कोणी परका म्हणत नाही. शिस्तीचे हेडमास्तर हिटलर, सातच्या आत घरात यायला लावणारे वडील हिटलर, स्वयंपाकघराच्या किल्ल्या कमरेला बाळगणाऱ्या सासूबाई त्याही हिटलरच! माझ्या वर्गातील मुलेही माझ्या माघारी याच नावाने माझा उद्धार करतात, असे कानावर येते. नियमाने हजेरी घेण्यापलीकडे मी त्यांचे काही वाकडे केलेले नाही.

थट्टेला थट्टा म्हणून हे ठीक आहे. पण या थट्टेमुळे एक घोटाळा झाला आहे खरा. हिटलर म्हणजे सदा डोळे वटारणारा, सर्वांना नकोसा वाटणारा माणूस, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. असा माणूस निवडणुकीला उभा राहिला, तर त्याला मते कोण देईल? खरा हिटलर आपल्या श्रोत्यांवर कधी रागावला नाही. तुमचे काही चुकले नाही, तुमची फसवणूक झाली आहे, आणि ती करणारे अमुक अमुक आहेत, हेच तो त्यांना वर्षानुवर्षे सांगत राहिला. आपले काही चुकले नाही, हे ऐकायला कोणाला आवडत नाही?

वि. ग. कानिटकरांनी आपल्या ग्रंथाला ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ असे नाव दिले. नाव मोठे समर्पक आहे. कारण भस्मासुराच्या गोष्टीतला विचार करण्याजोगा भाग त्याचे भस्म करणे हा नाहीच. त्याला वर मिळाला कसा, हा आहे. तो वर त्याने हिसकावून घेतला नव्हता. भोळ्या शंकराने तो प्रसन्न होऊन दिला होता.

जर्मनीच्या गोष्टीत हा भोळा शंकर कोण? बहुतेकांचे उत्तर तयार असते : १९२३ ची महागाई. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडत होते आणि जन्मभराच्या पुंजीत पावही येत नव्हता, हे खरेच आहे. पण १९२८ च्या निवडणुकीत याच पक्षाला अवघी २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. महागाई सरून तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती. मग १९२९ ची जागतिक मंदी आली. १९३० साली जागा १०७ झाल्या, आणि जुलै १९३२ मध्ये, बेकारांचा आकडा साठ लाखांच्या घरात खेळत असताना, २३०. तरीसुद्धा देशातल्या निम्म्या मतदारांनी त्याला कधीच मत दिले नाही. उलट नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याच्या जागा घसरून १९६ वर आल्या. पाणी ओसरू लागले होते म्हणाना!

नेमक्या याच वेळी वर देणारे पुढे आले. ही मंडळी रस्त्यावरची नव्हती. खानदानी, सुशिक्षित, उत्तम इस्त्रीचे कपडे घालणारी होती. फ्रान्त्स फॉन पापेन हे त्यांतले प्रमुख. लोकांची गर्दी हिटलरजवळ आहे, अक्कल आपल्याजवळ आहे. तेव्हा त्याला पुढे बसवावे आणि लगाम आपण धरावा, असा हा हिशेब होता. त्यांनी वृद्ध अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचे मन वळवले आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. मंत्रिमंडळात त्याच्याखेरीज नाझी पक्षाचे फक्त दोघे होते. हिशेब कागदावर अगदी बरोबर होता!

२७ फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. २३ मार्चला संसदेने आपले अधिकार सरकारच्या हवाली करणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत केला. कम्युनिस्ट सभासद तुरुंगात, परागंदा किंवा भूमिगत होते. सभागृहात नाझींचे गणवेषधारी स्वयंसेवक उभे होते. अशा वेळी ओटो व्हेल्स या समाजवादी पुढाऱ्याने उठून विरोधाचे भाषण केले. ती ९४ मते सगळी त्याच्याच पक्षाची. बाकीच्यांनी मान डोलावली. वर पुरता झाला.

आणि हात वर देणाऱ्यांच्याच मस्तकाकडे वळायला किती दिवस लागले? जून १९३४ मध्ये पापेन यांनी मारबुर्ग येथे राजवटीवर थोडी टीका केली. ३० जूनच्या कत्तलीनंतर ते स्वतः जिवंत राहिले, पण घरात कैद होते. आणि ते भाषण ज्यांनी लिहून दिले होते, त्या एडगर युंग यांना गोळी घालण्यात आली होती.

राजकारण्यांचे हे असेच, म्हणून आपण पान उलटू शकलो असतो. मला मात्र ते उलटता येत नाही. जर्मन विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना १९३१ सालीच, म्हणजे देश जाण्याच्या दीड वर्ष आधी, नाझींच्या ताब्यात गेली होती. १० मे १९३३ च्या रात्री अनेक विद्यापीठांच्या गावी पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, त्या पेटवण्यात विद्यार्थीच पुढे होते. बॉनच्या होळीपुढे भाषण करायला हान्स नाउमान उभे राहिले. हे गृहस्थ जर्मन भाषा-साहित्याचे प्राध्यापक. थोडक्यात, आमच्याच धंद्यातले! जन्मभर पुस्तकांवर पोट भरलेला माणूस पुस्तकांच्या होळीचे कौतुक करू शकतो, हे कळल्यापासून ‘वाचनाने माणूस सुसंस्कृत होतो’ हा निबंधाचा विषय मी मुलांना घालताना जरा बिचकतो.

याच धंद्यातला दुसरा एक माणूस मला धीर देतो. त्याचे नाव व्हिक्टर क्लेम्पेरर. ड्रेस्डेनला फ्रेंच साहित्य शिकवणारा हा प्राध्यापक जन्माने ज्यू. १९३५ साली त्याची नोकरी गेली. मग वाचनालय बंद झाले, टाइपरायटर गेला, राहते घर गेले. १९४१ पासून कोटावर पिवळा तारा लावावा लागला. १९४२ साली ज्यूंनी घरात प्राणी पाळू नयेत असा हुकूम निघाला आणि या नवरा-बायकोला आपली मांजर मारून घ्यावी लागली. ती दुसऱ्या कोणाला देण्याचीही मुभा नव्हती. हा हुकूम कोणीतरी कचेरीत बसून, नीट परिच्छेद पाडून, सहीशिक्क्यानिशी काढला असेल. लाखो माणसांच्या हत्येचे आकडे वाचताना मन बधिर होते; त्या एका मांजरीपाशी मात्र ते थांबते.

सगळे गेल्यावर क्लेम्पेररजवळ एकच गोष्ट उरली : कान. लोक काय बोलतात ते तो ऐकत राहिला आणि रोजनिशीत टिपत राहिला. पाने सापडती तर मरण ठरलेले. त्याची बायको एव्हा ज्यू नव्हती. ती ती पाने पिर्नाच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे लपवायला नेऊन देई. त्याने काय टिपले? ‘माथेफिरू’ या अर्थाचा जर्मन शब्द पूर्वी दोष दाखवायला वापरीत. आता तो वर्तमानपत्रांत गौरवाने येऊ लागला. माथेफिरू निष्ठा, माथेफिरू शौर्य! संस्था मोडून एका साच्यात बसवण्याला विजेच्या यंत्रांतला एक निरुपद्रवी शब्द मिळाला. माणसांना मरणाकडे पाठवण्याला ‘स्थलांतर’ म्हणू लागले, ठार मारण्याला ‘विशेष वागणूक’. आणि हे शब्द पक्षाची माणसेच बोलत होती असे नाही. वाणी बोलत होता, शेजारीण बोलत होती, स्वतः छळ सोसणारेही नकळत तेच बोलत होते.

विचार पटायला वेळ लागतो. शब्द बिनभाड्याने घरात शिरतो आणि मग विचाराला जागा करून देतो. म्हणून मला पुढाऱ्यांच्या घोषणांपेक्षा आपल्या जेवणाच्या टेबलावरची भाषा अधिक महत्त्वाची वाटते. एखाद्या जमातीला आपण ‘ते लोक’ कधीपासून म्हणू लागलो? ‘यांना एकदा धडा शिकवला पाहिजे’ हे वाक्य पोळी वाढता वाढता किती सहज निघून जाते! आणि ते ऐकत मुले जेवत असतात.

हे सारे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे, असे म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, तर तशी सोय नाही. जर्मनीत २०१३ साली स्थापन झालेल्या एका कडव्या उजव्या पक्षाला फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मते मिळून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याआधी, २०२४ साली, या पक्षाच्या एका पुढाऱ्याला नाझी दलाची बंदी असलेली जुनी घोषणा सभेत वापरल्याबद्दल हाले येथील न्यायालयाने दंड केला. ती घोषणा कोणाची होती हे आपल्याला ठाऊक नव्हते, असा त्याचा बचाव होता. हा गृहस्थ पूर्वी शाळेत इतिहास शिकवत असे! आजचा प्रत्येक उजवा मतदार नाझी आहे, असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. मंदी, महागाई, परक्यांची भीती ही त्याची दुःखे खरीही असतील. १९३२ च्या बेकाराचे दुःखही खरेच होते. प्रश्न एवढाच की, त्या दुःखाला बोट दाखवायला माणूस कोण पुरवतो आणि भल्या घरची माणसे लगाम आपल्या हाती आहे असे किती दिवस समजतात.

ड्रेस्डेनमधल्या उरल्यासुरल्या ज्यूंना नेण्याचे हुकूम निघत असतानाच १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री त्या शहरावर बॉम्ब पडले. त्या धुमाकुळात एव्हाने क्लेम्पेररच्या कोटावरचा तारा फाडून टाकला आणि नवरा-बायको बव्हेरियाकडे निसटली. तेथे त्याला बर्लिनहून आलेली एक साधी कामकरी बाई भेटली. ती तुरुंगात जाऊन आली होती. कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली की, काही शब्दांसाठी. नेत्याबद्दल ती बोलू नये ते बोलली होती. तिच्या त्या उत्तराने क्लेम्पेररला आपण पुढे काय लिहायचे ते कळले, आणि १९४७ साली नाझी राजवटीच्या भाषेवरचे त्याचे पुस्तक निघाले.

बॉनच्या प्राध्यापकाला जे सुचले नाही, ते या बाईला सुचले होते. ती किती शिकली होती, हे क्लेम्पेररने तिला विचारले नसावे. आपणही विचारू नये.