दहा लाख तीनची परीक्षा

१३ या संख्येला १ आणि १३ यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. अशा संख्येला मराठीत मूळ संख्या म्हणतात. तुमच्या उर्दू गणितात तीच मुफरद अदद.

आता १०,००,००३ ही संख्या मूळ आहे का, हे कसे ओळखाल? संगणकाला सांगता येईल की, २ पासून १०,००,००२ पर्यंत प्रत्येक संख्येने भागून पाहा. मुले पहिला प्रोग्राम बहुधा असाच लिहितात. संगणक बिचारा कुरकुर न करता दहा लाख भागाकार करतो. एका संख्येपुरते हे ठीक आहे. पण दहा लाखांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या मागितल्या की तास संपतो, तरी उत्तर येत नाही. आमच्या शाळेत एका संगणकापुढे चार मुले बसतात. एकाचा प्रोग्राम रेंगाळला की बाकीच्यांची पाळी जाते.

अशीच पाळीची वाट पाहणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "सर, ३६ला ४ने भाग गेला की ९नेही जातोच ना? मग पुन्हा ९ने कशाला भागायचे?"

किती नेमका प्रश्न! विभाजक जोडीने येतात आणि जोडीतला लहान विभाजक वर्गमूळापेक्षा मोठा नसतो. म्हणून आपल्या संख्येसाठी १,००० पर्यंतच भागून पाहिले तरी पुरते. दहा लाखांचे काम ९९९ भागाकारांवर आले. २ नंतरच्या सम संख्या वगळल्या, तर ५००. फक्त मूळ संख्यांनीच भागले, तर अवघे १६८! संगणक तोच, उत्तरही तेच: १०,००,००३ ही मूळ संख्या आहे.

त्या १६८ संख्या मिळवायला दोन हजार वर्षांहून जुनी युक्ती आहे. ती ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनीस याच्या नावाने ओळखली जाते. संख्या ओळीने लिहा. २ ठेवून त्याच्या पुढच्या पटी खोडा, मग ३च्या, मग ५च्या. चाळणीत धान्य राहावे तशा मूळ संख्या उरतात. भागाकार एकही नाही.

मात्र ९ने सुरू होणारी चाळीस अंकी संख्या घेतली, तर वर्गमूळाची युक्तीही थकते. सेकंदाला एक कोटी भागाकार केले आणि सम संख्या वगळल्या, तरी सुमारे दीड लाख वर्षे लागतील! तिथे भागाकार सोडून दुसरी वाट धरावी लागते. अशी एक वाट २००२ साली आपल्याच देशात, कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सापडली. प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांची ती रीत कोणत्याही संख्येबाबत खात्रीचे उत्तर देते, आणि अंक वाढले तरी तिचा वेळ असा बेसुमार वाढत नाही. प्रत्यक्ष कामात याहून झटपट रीती वापरतात, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही मात्र वही-पेन्सिल घ्या आणि १०,००,००१ ही संख्या तपासा. मूळ संख्यांनी क्रमाने भागत जा. १०१ पाशी जरा थांबा.