चार विसा आणि एक

फ्रान्समध्ये मुलगा सहावीतून पाचवीत गेला की घरात आनंद होतो. मग पाचवीतून चौथीत, चौथीतून तिसरीत अशी त्याची प्रगती चालू राहते! २०१८ सालच्या ऑक्टोबरात मी इंग्रजीची सहाय्यक शिक्षिका म्हणून तिकडच्या एका शाळेत रुजू झाले, तेव्हा हे उलटे गणित मला पहिल्याच दिवशी समजावून सांगण्यात आले. पुढे आकड्यांनी मला पुष्कळ छळले आणि थोडे शहाणेही केले.

परदेशी तरुणांना अशी कामे तिकडचे सरकारच देते. आठवड्याला बारा तास शिकवायचे, ऑक्टोबर ते एप्रिल राहायचे आणि हातात तेव्हा आठशे युरोंच्या आत जे पडे त्यात भागवायचे. माझ्या वाट्याला आलेले शहर बझाँसों, स्वित्झर्लंडच्या सीमेकडचे. दू नावाची नदी जुन्या शहराला घोड्याच्या नालासारखा वेढा घालते आणि नालाच्या तोंडाशी डोंगरावर व्होबाँने सतराव्या शतकात बांधलेला किल्ला आहे. किल्ला दिसला की पुण्याच्या माणसाचे निम्मे परकेपण तिथेच संपते. शहरातल्या एकाच चौकात व्हिक्टर ह्यूगो जन्मला आणि ल्युमिएर बंधूही. त्याच बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली होती. म्हणजे ओळख जुनीच म्हणायची.

उरलेले निम्मे परकेपण मात्र टेलिफोनने वाढवले. तिकडे फोनचा नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. आमच्या भागातल्या घरगुती फोनांची सुरुवात शून्य तीन, एक्याऐंशी. आता फ्रेंच माणूस एक्याऐंशीला म्हणतो ‘चार-वीस-एक’. ‘चार’ ऐकून मी चार लिहायची, ‘वीस’ ऐकून खोडायची, तोवर समोरचा माणूस पुढच्या जोडीला पोचलेला असे. पुण्यात हे आकडे पाठ केले होते, पण पाठ करणे वेगळे आणि घरमालकिणीच्या तोंडून ऐकणे वेगळे. सीमेपलीकडचे स्विस सत्तर-नव्वदला सरळ शब्द वापरतात हे कळल्यावर तर मला त्यांचा हेवाच वाटू लागला.

वर्गात दुसरीच पंचाईत होती. मुलांना लंडनची बाई हवी होती. मी भारतातली म्हटल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “म्हणजे तुमचे इंग्रजी खरे नाही?” प्रश्न निरागस होता, पण लागला. मग मी रोज रात्री खोलीत आरशासमोर तोंड वेडेवाकडे करून साहेबी उच्चार घोटू लागले. वर्गात माझा मलाच आवाज ओळखू येईना.

७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. बुधवार, म्हणून शाळा दुपारपर्यंतच. त्या सकाळी मी ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक शिकवत होते. एक लाजाळू मुलगी उठली आणि ‘सर्टी’ म्हणाली. सगळा वर्ग हसला. ती खाली बसली आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

ते मिटलेले ओठ मी पूर्वी पाहिले होते. माझी आजी शाळेत गेली नव्हती. कोकणातल्या घरी ती नारळ विसांनी मोजी, ‘दोन विसा आणि पाच’. मी दहा वर्षांची असताना मैत्रिणींसमोर तिला हसले होते. त्यानंतर तिने माझ्यादेखत कधी मोठ्याने मोजले नाही.

मी फळ्यावर ८१ लिहिले आणि माझ्या नेहमीच्या पुणेरी इंग्रजीत सांगितले, “माझी आजी याला ‘चार विसा आणि एक’ म्हणते. तुमच्यासारखेच.” वर्ग गप्प झाला. मी आजीला हसले होते, तेही सांगितले. वर्गाच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, पॅरिसमध्ये डोळ्यांचे एक इस्पितळ आहे, त्याचे नावच ‘पंधरा-विसा’. तेराव्या शतकात राजा नवव्या लुईने ते तीनशे अंधांसाठी स्थापले. आजीला एकदम राजाची पंगत मिळाली! थोड्या वेळाने ती मुलगी आपणहून उठली आणि पुन्हा ‘सर्टी’च म्हणाली. या वेळी कुणी हसले नाही. मीही तिला दुरुस्त करायची घाई केली नाही. आरशासमोरची माझी तालीमही त्या दिवसापासून बंद झाली.

व्हिसासाठी मी मुंबईला खेटे घातले होते. विसा मात्र घरूनच आणल्या होत्या, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

दुपारी दोनला खोलीवरून घरी फोन केला. पुण्यात दिवेलागण झाली होती. आजीने विचारले, “वर्गात पोरं किती गं तुझ्या?”

“एक वीस आणि चार,” मी म्हणाले.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग आजी म्हणाली, “करंज्या तीन विसा झाल्यात यंदा. तुला पाठवायच्या कशा, तेवढं सांग.”