अपुरी राहिलेली कादंबरी

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्हीं यारोस्लाव्ह हाशेक या चेक लेखकाची 'भला शिपाई श्वेक' ही कादंबरी आमच्या भाच्यास रोज रात्रीं वाचून दाखविली. मूळ ग्रंथ १९२१ ते १९२३ या काळांत प्रसिद्ध झाला. सेसिल पॅरट यांचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९७३ सालीं निघालें, तें समोर ठेवून आम्ही मराठींत सांगत जात असूं. शिव्या व गुत्त्यांतील प्रसंग बरेच गाळावे लागले; तरी पुस्तक भरपूर उरलें!

श्वेक हा प्राग शहरीं कुत्रीं विकून पोट भरणारा मनुष्य. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होतें, तेव्हां त्याचे गुडघे संधिवातानें धरलेले असतात. तरी चाकांच्या खुर्चींत बसून, बेलग्रेडवर चालून जाण्याच्या आरोळ्या देत तो भरतीस निघतो. पुढें तो हुकूम इतक्या भाबडेपणानें पाळतो कीं, हुकूम देणारेच वेडे ठरावे. हाशेकनें स्वतः ऑस्ट्रियाच्या ९१ व्या पायदळ पलटणींत चाकरी केली होती व १९१५ सालीं तो रशियनांच्या हातीं सांपडला होता. त्यामुळें छावणीचा कारभार तो ऐकीव सांगत नाहीं.

वाटेंत श्वेकला वोदिच्का नांवाचा सफरमैना पलटणींतील जुना सोबती भेटतो. दोघे मिळून मारामारी करितात, कोठडींत बसतात, आणि मग त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. निरोप घेतांना ठरतें कीं, युद्ध संपल्यावर संध्याकाळीं सहा वाजतां प्रागमधील 'चषक' नांवाच्या गुत्त्यांत भेटावयाचें. आपणांस कदाचित् उशीर होईल म्हणून श्वेक साडेसहाची वेळ सुचवितो. वोदिच्काला ती पटत नाहीं. दुरून ओरडत घासाघीस चालते व अखेर सहाच ठरतात. जणूं युद्ध म्हणजे कचेरी, आणि ती वेळेवर सुटणार! या ठिकाणीं भाचा पोट धरून हंसला.

पुढें चौथ्या भागांत, डुब नांवाचा, मूळचा शिक्षकी पेशाचा एक लेफ्टनंट देशभक्तीवर बोलत असतां पुस्तक एकाएकीं थांबतें. (शिक्षकाचें भाषण अर्ध्यावर तुटल्याचें दुःख विद्यार्थ्यांस होणार नाहीं, हें आम्ही जाणतों.) ३ जानेवारी १९२३ रोजीं, चाळिशीच्या आंतच, हाशेक वारला. श्वेक तोंवर प्रत्यक्ष लढाईंत उतरलाहि नव्हता.

आम्हांस प्रथम राग आला. मग, युद्धावरील कादंबरी अशीच तुटावी, त्यांतच तिची शोभा आहे, असें कांहींसें आम्ही मनाशीं म्हणूं लागलों. पण तें समाधान टिकेना. हाशेकनें शेवट योजून टाळला नव्हता; तो आजारानें मेला होता. कारेल वानेक या लेखकानें पुढील कथा लिहिली आहे. ती उघडावी असें मात्र आमच्या मनांत येईना.

"मामा, ते सहा वाजतां भेटले का?" भाच्यानें विचारलें.

"भेटले," आम्ही झोपेच्या भरांत म्हणालों.

दुसर्‍या दिवशीं तो पुस्तक घेऊन आला आणि कोणत्या पानावर, असें विचारूं लागला. तेव्हां खरें सांगणें प्राप्त झालें. तो बराच वेळ गप्प बसला; मग म्हणाला, "श्वेक सहाला आला नाहीं, तरी वोदिच्का साडेसहापर्यंत नक्की थांबेल. उशीर होईल म्हणून त्यानें आधींच सांगितलें होतें ना?"

त्या रात्रीं निरोपाचें तेंच प्रकरण आम्हांस पुन्हा वाचून दाखवावें लागलें.