एका पावाचे तीन करार

लाइपझिगला कायदा शिकायला जाते आहे, असे आईला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, सगळं जग सोडून तुला जर्मनीच सापडली?" अश्दोदला तिच्या शेजारी पोलंडहून आलेल्या एक आजीबाई राहतात. त्या आजही जर्मन बनावटीची वस्तू घरात येऊ देत नाहीत. त्यांना काय सांगायचे, ही आईची खरी अडचण होती.

आपण हिंदुस्थानातले बेने इस्राएल. ठाण्याला आमच्या आळीत ज्यू म्हणून आमच्याकडे कोणी कधी वाकड्या नजरेने पाहिले नाही. युरोपात जे घडले ते आम्ही पुस्तकांतून आणि पुढे इस्राएलमधल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून समजून घेतले. त्यामुळे आईची समजूत मी घातली ती जरा हलकेपणानेच, हे आता कबूल करते. निघण्याआधी अश्दोदला जाऊन आले. आईने मलिदा केला, एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मुंबईची एलएल.बी. पदरात होती, दोन वर्षांची वकिलीही होती. पण जर्मन कायद्याचा पाया नसेल तर पुढचे काहीच कळत नाही, म्हणून पहिल्या सत्राच्या मुलांबरोबर करारकायद्याच्या तासाला बसले. आजूबाजूला अठरा-एकोणीस वर्षांची पोरे आणि मधे मी, तिशी उलटलेली! त्यांची दिवाणी संहिता १८९६ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १९०० पासून अमलात आली. आपला हिंदुस्थानचा करारकायदा १८७२ चा, म्हणजे तिच्याहून वडीलच. या तोऱ्यात मी पहिल्या तासाला गेले आणि पहिल्याच प्रश्नाला तोंडघशी पडले.

प्रश्न साधा होता. सकाळी बेकरीत जाऊन एक ब्रोट्शेन, म्हणजे छोटा गोल पाव, विकत घेतला, तर करार किती झाले? मी मनात म्हटले, एक. उत्तर निघाले, तीन. पाव विकण्या-घेण्याचा एक, पावाची मालकी देण्याचा दुसरा आणि नाण्याची मालकी देण्याचा तिसरा. पहिल्या कराराने फक्त देणे लागते, वस्तू आपली होते ती दुसऱ्याने. आणि पहिला रद्द ठरला तरी दुसरा आपोआप कोसळत नाही. पाव तुमचाच राहतो, तो परत हवा तर बेकरीवाल्याने वेगळा दावा सांगायचा! संध्याकाळी आईला हे सांगितले. ती म्हणाली, "मग आपला ठाण्याचा पाववाला रोज दारात पाव टाकून जायचा आणि महिन्याने पैसे न्यायचा, त्याचे किती करार?" मी बोटांवर मोजू लागले तशी ती मनापासून हसली. जर्मनीच्या विषयावर ती हसली ती ही पहिलीच वेळ.

मुंबईत आम्ही घोकले होते की प्रतिफल नसेल तर करार नाही, काही अपवाद सोडले तर. इथे प्रतिफलाचे नावच नाही. अलाहाबादचा १९१३ सालचा लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा खटला आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मालकाच्या घरातला मुलगा पळून गेला. मुनीम लालमनला त्याच्या शोधात हरिद्वारला धाडले. तो गेल्यावर मालकाने ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले. लालमनने मुलगा शोधून काढला, पण बक्षिसाची गोष्ट त्याच्या कानावर नव्हती, म्हणून कोर्टाने त्याला काही दिले नाही. जो देकार ठाऊकच नाही तो स्वीकारणार कसा, हा तर्क. विद्यार्थी असताना मला तो अगदी चोख वाटला होता. जर्मन संहितेचे कलम ६५७ मात्र म्हणते की जाहीर बक्षीस ठाऊक नसताना काम केले तरी ते द्यावेच लागते. निदान "तुला ठाऊक नव्हते" एवढ्यावरून तरी लालमनला इथे परत पाठवता आले नसते. ते वाचून मला त्या मुनिमासाठी उगीचच बरे वाटले, शंभरावर वर्षांनी!

असो. सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

२०२१ साली जर्मनीने न्यायाधीशविषयक कायद्यात दुरुस्ती केली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना नाझी काळात कायद्याच्या नावाने झालेला अन्याय शिकवलाच पाहिजे, असे त्यात घातले. म्हणून कराराचा अर्थ कसा लावावा या धड्यात एरिक शारेलचा खटला आला. शारेल हा ज्यू दिग्दर्शक. त्याचा 'डेअर काँग्रेस टान्स्ट' हा उफा कंपनीचा चित्रपट १९३१ साली गाजला होता. १९३३ च्या आरंभी त्याच्या पुढच्या चित्रपटाचा करार झाला. त्यात एक साधे कलम होते. आजार, मृत्यू किंवा तशाच एखाद्या कारणाने शारेल दिग्दर्शन करू शकला नाही, तर कंपनीला करार सोडता यावा. हिटलर सत्तेवर आला आणि थोड्याच महिन्यांत कंपनीने या कलमावर बोट ठेवले. २७ जून १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राइशगेरिख्टने, कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वंशामुळे माणसाचा कायद्यातला दर्जा बदलला आणि तो काम करू शकेनासा झाला, तर तेही आजार-मृत्यूसारखेच धरावे, असे ठरले. म्हणजे ज्यू असणे हे मरणाच्या रांगेत बसवले.

प्राध्यापकांनी तो निकाल आमच्याच पद्धतीने पायरी पायरीने सोडवायला लावला. कोण, कोणाकडे, काय आणि कोणत्या कलमाने मागतो? कलमाचे शब्द काय? दोन्ही पक्षांचा हेतू काय? कराराचा अर्थ सचोटीने आणि रूढ व्यवहाराला धरून लावावा, असे संहितेचे कलम १५७ सांगते. ते तेव्हाही होते, आजही आहे, अक्षर न बदलता. पायऱ्या वरवर सगळ्या नीट दिसत होत्या. माझ्या शेजारच्या मुलाने हात वर करून विचारले, "मग चूक नेमकी कुठे झाली?" कोणी पटकन उत्तर दिले नाही.

राइशगेरिख्टची ती भव्य इमारत विद्यापीठापासून पायी जाण्याजोगी आहे, आता तिथे संघराज्याचे प्रशासकीय न्यायालय भरते. हे न्यायालय १८७९ साली सुरू झाले, ज्या साली आपले ठाण्याचे शाआर हाशामायिम सिनेगॉग उभे राहिले. त्याचा पहिला अध्यक्ष एदुआर्ट फोन सिमसॉन, ज्यू घरात जन्मलेला आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेला. त्या दिवशी मी घरी न जाता गॉटशेडश्ट्रासेला गेले. १९३८ साली जाळलेल्या मोठ्या सिनेगॉगच्या जागी तिथे ब्राँझच्या १४० रिकाम्या खुर्च्या मांडल्या आहेत. एका खुर्चीवर टेकावे असे वाटले, पण बसवेना.

वाचकहो, हा केवळ त्यांचा विषय नव्हे. इस्राएलच्या १९७३ च्या करारकायद्यात कलम १२ आणि ३९ मध्ये "तोम लेव" आहे, त्यात जर्मन संहितेतल्या सचोटीच्याच कल्पनेची छाप आहे. अश्दोदला नाहीतर लोदला घर भाड्याने घेताना तुम्ही सही केली असेल, तर त्या कराराखाली हा शब्द उभा आहे. तो तिथे आहे याचा मला आनंदच आहे. पण वाचणारा कोण, हे आता मी आधी पाहते.

आईला शारेलची गोष्ट सांगू की नको, असे दोन दिवस चालले होते. शेवटी सांगितली. तिने ती आजीबाईंना सांगितली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "त्या विचारतात, हे शिकवत होते तेव्हा ती जर्मन मुलं काय करत होती?"

मी म्हटले, "लिहून घेत होती."

"सगळी?"

"माझ्या आसपासची तरी सगळी."

"बरं," आई म्हणाली, "सांगते त्यांना."