चिखलदऱ्याच्या रानातली माती

आमचे गाव काटोल तालुक्यात, नागपूर-अमरावती रस्त्यापासून थोडे आत. वावर आठ एकर. खालचे पाच एकर मोरंड आहे. त्यात पऱ्हाटी आणि तूर बरी होते. वरचे तीन एकर टेकडीच्या उतारावर आहेत. बाबांच्या तरुणपणी तिथे पळस, तेंदू आणि धावड्याचे रान होते. ते तोडून त्यांनी वावर काढले. पहिली तीन-चार वर्षे तिथली ज्वारी खालच्या वावराला मागे टाकत होती, असे ते अजून सांगतात. आज तिथे वखर धरला की पासेखाली मुरूम खरखरतो.

धाकटा भाऊ गेल्या वर्षी म्हणाला, "दादा, आता त्या तुकड्यात बियाणं टाकणं म्हणजे पैसा मातीत घालणं. रस्त्याच्या कामाला मुरूम लागतो. देऊन टाकू." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण एकदा मुरूम उचलला की तिथे पुन्हा काही होणार नाही, हेही खरे. माझे मन घेईना.

अशात दिवाळीनंतर परतवाड्याला साडूंकडे जाणे झाले. त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे आणि जमिनीतले त्यांना चांगले कळते. त्यांना दाखवावे म्हणून वरच्या वावरातले एक ढेकूळ रुमालात बांधून घेतले. बायको हसली. म्हणाली, "पाहुण्यांकडे लोक मिठाई नेतात, तुम्ही माती न्या!"

काळ्या दगडाचा मुलूख

नागपूर हे दगडाच्या दृष्टीने सीमेवरचे शहर आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. तिथून पश्चिमेला चालू लागा, थेट सह्याद्रीपर्यंत बहुतेक हाच दगड. पूर्वेला भंडाऱ्याकडे वळा, की दगड बदलतो, माती बदलते आणि तलाव व धानाचा मुलूख लागतो.

हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून तो बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीत या थरांची जाडी किलोमीटरहून अधिक भरते. नागपूरजवळ ते पातळ होत संपतात. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे तळी होती, झाडे होती. नागपुरात राहिलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्याच्या मागल्या शतकात टाकळीजवळच्या अशा थरांतून गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले होते.

ज्वालामुखीची माती म्हटले की जपान आणि इंडोनेशियाची नावे निघतात. तिथली बरीच माती ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली आहे. राख भुसभुशीत असल्यामुळे लवकर कुजते. आपल्याकडे मात्र टणक दगड झिजून माती व्हायची आहे. एक इंच थर बनायला शेकडो वर्षे लागतात. तो वाहून जायला चार पावसाळे पुरतात, हे आमच्या वरच्या वावराने दाखवलेच आहे.

घाट चढताना

परतवाड्याहून दुसऱ्या दिवशी साडू आणि मी चिखलदऱ्याच्या गाडीत बसलो. संत्र्याचे बगीचे मागे पडले आणि गाडी गाविलगडच्या डोंगराला लागली. साग, ऐन, धावडा, तिवस, मधूनच बांबूची बेटे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा, अशी लोकांची समजूत आहे. नागपुरात वर्षाला सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इथे दीड हजाराच्या घरात. विदर्भात कॉफी होते ती इथेच.

आम्ही देखावे पाहिले, गाविलगडचा किल्ला लांबून पाहिला. पण माझे लक्ष मातीकडे. घाटात रस्ता कापला आहे तिथे जमिनीचे पोट उघडे दिसते. खाली काळा कातळ, त्यावर कुजका पिवळट मुरूम आणि वर मातीचा थर. आमच्या वावरासारखीच रचना. फरक एवढाच, की रानाच्या सावलीत वरचा थर गडद तपकिरी होता, मुळांनी विणलेला होता आणि त्यावर पाल्याची गादी होती. जिथे झाडी नव्हती तिथे मुरूमच उघडा पडला होता.

एका वळणापुढे गाडी थांबली. जवळच एक म्हातारे कोरकू शेतकरी कुटकीचे तणस रचत होते. राम राम झाला. त्यांच्या बांधावर मोहाचे जुने झाड होते. त्याखालची माती हातात घेतली. हलकी, दाणेदार, रव्यासारखी मोकळी. बोटांना चिकटत नव्हती.

मी विचारले, "बाबा, ही अशी माती वावरात का नाही?"

ते म्हणाले, "पाला पडते तिथे राहते. झाड तोडलं का चार साल पीक येते बाबू, मग गोटाच निघते."

आमच्या बाबांचा अनुभव त्यांनी एका वाक्यात सांगितला. त्यांना विचारून एक ढेकूळ मी घेतले.

दोन पेले

घरी आल्यावर साडूंनी दोन्ही ढेकळे दोन दिवस सावलीत वाळवली. मग काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन ती हळूच सोडली. घरातली पोरे भोवती गोळा झाली. आमच्या वावरातले ढेकूळ पाण्यात पडताच बुडबुडे सोडू लागले आणि बघता बघता विरघळून तळाशी बसले. वरचे पाणी गढूळ झाले. मोहाखालचे ढेकूळ मात्र बराच वेळ तसेच राहिले. पाणीही जवळजवळ स्वच्छ.

साडू म्हणाले, "साडूभाऊ, पहिल्या पेल्यात झालं तेच तुमच्या उतारावर दर मृगात होते."

याचे कारण त्यांनी समजावून सांगितले. कुजलेला पाला, मुळे, गांडुळे आणि सूक्ष्म जीव मिळून मातीचे कण एकमेकांना बांधतात. मधे पोकळ्या राहतात, त्यांतून पाणी खाली जिरते. पाला नाही तर बंध नाही. मग पावसाचा थेंब आपटला की कण सुटतात, पोकळ्या बुजतात आणि पाणी माती घेऊन वरच्यावर वाहते.

यात आणखी एक वाटेकरी आहे. विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार स्फटिक निघतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांत पुष्कळदा झिओलाइट नावाची खनिजे असतात. १९७६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो नागपुरात अमरावती रस्त्यावर आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या बेसाल्टच्या डोंगरांवरील जंगलमातीचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. इतक्या पावसात मातीतला चुना धुऊन जाऊन ती आम्ल व्हायला हवी होती. पण हे झिओलाइट सावकाश चुना सोडत राहतात, आणि त्यामुळे माती गडद आणि कसदार टिकते, असे त्यांना आढळले. झाडेही मुळांनी चुना वर ओढतात आणि पाल्यातून पुन्हा जमिनीला देतात. दगड देतो आणि झाड ते फिरते ठेवते.

तोच दगड खाली पूर्णेच्या खोऱ्यात वेगळा वागतो. तिथे पाऊस कमी. चुना खड्यांच्या रूपाने खाली गोठतो, सोडियम वाढतो आणि जमीन चोपण होते.

डोंगराचे पाणी

आता कोणी म्हणेल, डोंगरावरची माती डोंगरावर, आपला संबंध काय? परतवाडा, अचलपूर, मोर्शी, वरूड हा सारा संत्र्याचा पट्टा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगराच्या मातीत जिरलेले पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरांतून खालच्या विहिरींकडे येते. चंद्रभागा, शहानूर या नद्याही याच डोंगरातून पूर्णेकडे उतरतात. वरूड-मोर्शीकडे उपसा इतका वाढला, की विहिरी सोडून खोल बोअर मारायची पाळी आली. अशा वेळी वर जिरणारे पाणीही कमी झाले तर बगीचे कशावर जगतील? उन्हाळ्यात रानात वणवा लागला की झाडे पुन्हा पालवतात, पण पाल्याची गादी जाते आणि पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो. मोह वेचण्यासाठी खालचा पाला जाळण्याची सवय म्हणूनच महाग पडते.

घरी परतल्यावर मी भावासमोर तेच दोन पेले मांडले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे वरचं वावर वाहून खालच्या नाल्यात गेलं म्हणा की."

मुरूम द्यायचा नाही, असे ठरले. वरच्या एक एकरात नांगर घालणे बंद केले आहे. तिथे गवत राखून आवळा आणि कडुनिंब लावले. उरलेल्या दोन एकरांत उताराला आडवी पेरणी केली, धुऱ्यावर गवत राखले आणि तुरीचा पाला-काड्या न जाळता तिथेच पसरल्या. लगेच सोने पिकेल असा भ्रम नाही. मात्र यंदाच्या पावसाळ्यात त्या उतारावरून खाली आलेले पाणी पूर्वीइतके गढूळ नव्हते, हे बाबांनीच दाखवले.

आपल्या उताराच्या वावरातले एक वाळलेले ढेकूळ आणि बांधावरच्या जुन्या झाडाखालचे एक, असे दोन पेल्यांत टाकून घरच्या मुलांसह एकदा पाहा. पैसा लागत नाही. काय करायचे ते पेला सांगेल.