अब्बांची ठासणीची बंदूक

अम्मीची इद्दत संपली आणि आम्ही भावंडांनी नांदगाव पेठच्या घरातली अब्बांची अवजारांची खोली आवरायला घेतली. पान्यांच्या पेटीमागे पोत्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक निघाली. शेजारच्या डब्यांत काळी दारू, छर्रे, तांब्याच्या टोप्या आणि अब्बांच्या नावाचा परवाना.

रानडुकरांपासून पीक राखायला अशा बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. मात्र परवाना माणसाबरोबर संपतो. वारसांना बंदुकीची मालकी मिळते, ती बाळगण्याचा हक्क मिळत नाही. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. पुढे वारसाने स्वतःचा परवाना काढला तर ती परत मिळते.

थोरले म्हणाले, "अब्बांची निशाणी आहे, राहू द्या." धाकट्याला वेगळीच धास्ती: आपलं नाव ऐकून ठाण्यात काय काय विचारतील? अम्मी एवढंच म्हणाली, "घरात लेकरं आहेत."

काळी दारू जुनी झाली तरी कोरडी असेल तर एका ठिणगीने पेटते. म्हणून डब्यांना हात न लावता खोलीला कुलूप घातलं आणि परवाना घेऊन तिघेही ठाण्यात गेलो. बंदूक जमा झाली, पावती मिळाली.

मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्यांची टोकं हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ज्या घरी वडीलधाऱ्यांची बंदूक आहे, तिथे परवाना कुठे ठेवलाय हे त्यांच्या हयातीतच विचारून घ्यावं.