आईच्या लुगड्याचे तुकडे

आईची जुनी गोधडी विरली, तेव्हा नवी शिवावयाचे आम्हां तिघी बहिणींनी मनावर घेतले. काचबिंदूने तिची दृष्टी अंधुक झाली होती. पण त्याचा गोधडीशी काही संबंध असेल, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

पेटी उपसली. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती पातळे, बाबांचे पांढरे सदरे, मुलींचे फ्रॉक आणि तळाशी आईचे लाल चौकडीचे लुगडे. त्याला हात न लावता आम्ही पिस्ता, आकाशी, फिका गुलाबी असे तुकडे निवडले. बारीक फुलांशेजारी बारीक फुले मांडली. मनात, खरे सांगायचे तर, दुकानातील रजईची ऐट होती!

शिवून झाल्यावर आईने गोधडीवरून हात फिरवला. "चादर मऊ आहे गं," ती म्हणाली.

आम्ही चार हातांवरून पाहिले आणि ओशाळलो. बारीक नक्षी दुरून एकरंगी होऊन जाते. फिक्यात फिके मिसळून जाते. मोठे फूल घ्यावे, तर लहान तुकड्यात त्याचा एखादा फराटाच उरतो.

टाके उसवण्यात दोन रात्री गेल्या. डोळे किलकिले करून तुकडे पाहण्याची युक्ती थोरलीने काढली. तसे पाहिले की रंग मागे सरतात, उरतात फक्त गडद आणि उजळ. हिरवा नि लाल आपण परस्परांचे विरोधी मानतो. पण दोन्ही सारखेच गडद असतील, तर त्यांच्यातली सीमारेषा दिसेनाशी होते. उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रियांच्या गोधड्या, ज्यांना त्या कवंदी म्हणतात, आम्हांला आठवल्या. भडक तुकडे कडेपासून मध्याकडे शिवीत जायचे आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची फुले लावायची, ही त्यांची रीत. तेथे रंगांना कोणी भीत नाही.

आमच्यापाशी पुरेसे गडद असे एकच वस्त्र होते. धाकटीने भीतभीतच आईला विचारले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पदर तेवढा राखा."

लाल लुगड्याशेजारी बाबांच्या सदऱ्याचे पांढरे कापड लावले. कात्री चालवताना आम्ही तिघीही गप्प होतो.

दुपारच्या उजेडात आईने गोधडी मांडीवर पसरली. बोट एकेका चौकोनावर टेकवीत ती तिसऱ्या ओळीत थांबली.

"हा लाल तिरका लागलाय."

तो खरेच तिरका होता.